समीक्षाच्या हातातला मुका माईक

मी एक जुना माईक आहे, वायरवाला. हल्लीचे बिनवायरचे माईक कुणाच्याही गालाला चिकटून बसतात, ती सवय मला नाही. माझं डोकं जाळीचं आहे, जाळीला डाव्या अंगाला एक पोचा आहे, आणि अंगावरचा काळा रंग शेकडो हातांच्या घामाने उडाला आहे. आवाज म्हणाल, तर तो आता माझ्यात नाही. तरीही मित्रांनो, साऱ्या महाराष्ट्रात गाजलेली एक गायिका भर स्टेजवर अडकली, तेव्हा तिच्या मुठीत मीच होतो. तिने सगळ्यांत आधी खरं सांगितलं ते माझ्या तोंडाशी. मी मुका, म्हणून ते कुणाला ऐकू गेलं नाही. त्या दिवसाची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, पण ती कळायला थोडं मागे जावं लागेल.

दिल्लीकडच्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या पोटात एक पातळ पडदा आणि तारेचं वेटोळं बसवलं. माणूस बोलला की पडदा थरथरतो आणि ती थरथर तारेतून पळत भोंग्यापर्यंत जाते. एवढंच माझं काम. मालाच्या ट्रकमधून मी महाडला आलो आणि बाजारपेठेतल्या नझीरभाईंच्या दुकानात उतरलो. नझीरभाई लग्नाच्या, उरुसाच्या, गणपतीच्या मांडवांत साऊंड लावत. कुठल्या मांडवात हरवू नये म्हणून त्यांनी माझ्या गळ्याला निळी टेप गुंडाळली.

कामाची मला कधी लाज वाटली नाही. पुढारी माझ्या डोक्यावर टकटक करत, 'फू फू' करून थुंकीचा शिडकावा करत, तेही मी सोसलं. मार्च महिन्यात चवदार तळ्यावर लांबलांबून लोक येत, तेव्हा गर्दीत चुकलेल्या लेकरांची नावं माझ्यातून पुकारली जात. लेकरू सापडलं की त्याची आई तिथेच हंबरडा फोडायची आणि तो सगळ्या रस्त्याला ऐकू जायचा. अशा वेळी मला वाटे, आपण फार मोठे कुणीतरी आहोत.

समीक्षा मला पहिल्यांदा भेटली ती शिमग्यात, नझीरभाई साऊंड घेऊन गेले होते तेव्हा. पोलादपूरच्या खोऱ्यात दोन वाड्या आहेत, वरची आणि खालची. शिमग्याला दोघींचा सामना होतो. घुंगरू बांधलेली माणसं गोल धरून नाचतात, ढोलकी वाजते, आणि एका वाडीचा शाहीर दुसऱ्या वाडीच्या शाहिराला गाण्यातून सवाल टाकतो. ढोलकीचे तीन फेरे संपायच्या आत जबाब द्यायचा. तोही बोलून नाही, गाऊनच द्यायचा, आणि ज्याला सवाल केला त्यानेच द्यायचा. अडलाच कुणी, तर त्याला एक वाट ठेवलेली आहे. आपली लाडकी वस्तू समोरच्याकडे गहाण ठेवायची आणि पुढच्या शिमग्याला त्याच्या अंगणात जाऊन जबाब द्यायचा. तोवर कोण हरलं हे कुणी बोलायचं नाही. पण गहाण आपल्या तोंडाने मागावं लागतं, आणि मानी शाहीर काही ते मागत नाहीत. मोडेन पण वाकणार नाही, हीच त्यांची जात.

वरच्या वाडीचा शाहीर होता महिपत, समीक्षाचा बाप. खालच्या वाडीचे कुशाबा. कुशाबा म्हणजे खोऱ्यातला दांडगा माणूस, सवालात भल्याभल्यांना पाणी पाजणारा. त्या वर्षी दिवस मावळताना त्यांनी महिपतला सोडून, गंमत म्हणून, त्याच्या मागे उभ्या असलेल्या शाळकरी पोरीला सवाल टाकला. लोक हसले. महिपतचा चेहरा पडला. पोरीने मात्र पुढे होऊन मला दोन्ही हातांनी धरलं आणि पहिलाच फेरा संपायच्या आत जबाब गाऊन टाकला. मित्रांनो, माझ्या पोटातला पडदा तसा कधीच थरथरला नव्हता. आवाज स्वच्छ होता, आणि वर चढताना तो जराही भ्यायला नाही.

कुशाबांनी स्वतःच्या हाताने तिला नारळ दिला. मग मिशी पिळत म्हणाले, "आज सुटलीस गो पोरी. पण माझा एक सवाल तुझ्यावर उधार ऱ्हायला. कवातरी करीनच."

"करा की आबा," ती म्हणाली. "मी काय पळून जात नाय."

पुढे ती कॉलेजला महाडला आली. नझीरभाईंची मुलगी नबीला तिची जिवाभावाची मैत्रीण. नबीला बापाच्या हाताखाली साऊंडचा मिक्सर चालवायला शिकली होती. एका दुपारी दोघींनी गोडाऊनमध्ये आवाज घुमू नये म्हणून गाद्यांच्या थप्प्या लावून एक गाणं केलं. समीक्षाने ते स्वतःच रचलं होतं, आणि ते माझ्यातूनच गायलं गेलं:

कशेडीच्या वळणावर हॉर्न दे रे ड्रायव्हर,
माहेराला निरोप माझा ने रे माझ्या वाडीवर...

त्या 'वाडीवर'ला ती असा काही सूर लावायची, की तो जिन्याने चढावा तसा चढतच जाई. नबीलाने ते मोबाइलवरून सोडून दिलं. महिन्याभरात घाटातला एकेक ट्रक ते वाजवत जाऊ लागला. हिरकणीवाडीच्या भजीच्या गाड्यांवर, रिक्षांत, हळदीच्या डीजेवर तेच. मग मुंबईच्या कंपनीची माणसं आली आणि समीक्षाची 'समी' झाली. चकचकीत कपडे, धुराचे लोट, पाठीमागे नाचणाऱ्या मुली. नझीरभाईंचा मुलगा उबेद दुबईला होता. त्याने तिथल्या कार्यक्रमातून फोन लावून बापाला गर्दी दाखवली. हजारो माणसं हात वर करून एकाच गोष्टीची वाट बघत होती, त्या वरच्या सुराची. तो लागला की मैदान फुटायचं.

मी मात्र महाडलाच होतो, आणि माझी पाळी फिरली. पूर महाडला नवा नाही, पण त्या वर्षी सावित्रीचं पाणी गोडाऊनच्या माळ्यापर्यंत चढलं. तीन दिवसांनी नझीरभाईंनी मला चिखलातून उपसलं, धुतलं, पुसलं, जोडून पाहिलं. मी मुका झालो होतो. त्यांनी मला फेकलं नाही. दुकानातल्या काचेच्या कपाटात ठेवलं आणि खाली पाटी लावली, 'समीचं पहिलं गाणं याच माईकवर'. लोक माझ्यासोबत फोटो काढू लागले. जिवंत असताना थुंकी, मेल्यावर हार, असा हा मान!

कपाट गल्ल्याच्या मागेच होतं, त्यामुळे नबीलाचं फोनवरचं बोलणं मला ऐकू यायचं. ती फोन स्पीकरवर टाकून हिशेब करत बसे.

"तुझा आवाज चिरका येतोय समीक्षा."

"सर्दी झालेय गो."

पुढच्या महिन्यातही सर्दीच होती. त्याच्या पुढच्या महिन्यात नबीलाने विचारलंच नाही. गेल्या आठवड्यात किती कार्यक्रम झाले, तेवढं विचारलं. समीक्षा म्हणाली, "रोज एक. कधी दोन. वरचा सूर नाय लावला तर लोक सोडत नाय." मला त्या आवाजात एक खरखर ऐकू आली. पडद्याला भेग पडायच्या आधी अशीच खरखर येते. पण सांगणार कसा?

या मार्गशीर्षात महाडकरांनी ठरवलं, आपल्या लेकीचा जाहीर सत्कार करायचा. पोस्टर पोलादपूरपासून थेट कशेडीपलीकडे लागले. साऊंड अर्थातच नझीरभाईंचा. सत्काराच्या दिवशी त्यांनी मला कपाटातून काढलं, जाळी ब्रशने घासली आणि निळी टेप नवी लावली. समी आपल्या जुन्या माईकवर गाणार, असं त्यांनी कमिटीला परस्पर सांगून टाकलं होतं. नंतर त्यांनाच घाम फुटला, कारण मी तर बंद!

मैदानाशेजारच्या शाळेच्या एका वर्गात समीक्षाला बसवलं होतं. नझीरभाई आणि नबीला मला घेऊन आत गेले. समीक्षा आरशासमोर बसली होती. तिने नबीलाला मिठी मारली, पण तोंडातून शब्द काढला नाही. तिचा मॅनेजर प्रवीण दाराला कडी लावून आला.

"हा चालतो का?" त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

"नाय साहेब, पुरात गेला," नझीरभाई ओशाळून म्हणाले. "पण संध्याकाळपर्यंत यात दुसरी पडद्याची कॅप्सूल बसवतो."

"नको नको! असाच पाहिजे. एकदम बेस्ट. हा मेलेला माईक हातात, आणि गाणी ट्रॅकवर. श्वाससुद्धा लीक होणार नाही."

नबीलाने समीक्षाकडे पाहिलं. "तू गाणार नाहीस?"

उत्तर प्रवीणनेच दिलं. "डॉक्टरने क्लिअर सांगितलंय. गळ्यातल्या पडद्यांवर गाठी आल्यात. सहा आठवडे एक सूर लावायचा नाही. लावला आणि रक्त आलं, तर आवाज परत येईल याची गॅरंटी नाही."

तिच्या गळ्यातही माझ्यासारखेच पडदे असतात हे मला तेव्हा कळलं.

"मग कार्यक्रम रद्द करा ना!" नबीला ओरडली.

"रद्द? पब्लिक दुपारपासून उन्हात बसलंय. तीन गाण्यांपुरते ओठ हलवायचे. कुणाला कळणार आहे?"

समीक्षा अगदी हळू बोलली. "बाबा पहिल्या रांगेत बसलेत, नबी. त्यांना नाय म्हणून कसं सांगू?"

मिक्सरवर नबीलालाच बसायचं होतं, ट्रॅकचं बटण तिलाच दाबायचं होतं. नझीरभाईंनी कपाळावर हात मारला आणि 'या अल्ला' म्हणत ते बाहेर पडले.

एक गोष्ट मात्र प्रवीणला कुणी सांगितली नव्हती. कमिटीने कुशाबांना मानाने बोलावलं होतं. सत्कारात शाल-श्रीफळ तर सगळेच देतात, आपण लेकीला सवाल देऊ, उधार राहिलेला सवाल, असं त्यांचं ठरलं होतं. आणि आमच्या खोऱ्यात सवाल कुणी सांगून करत नाही. त्यांनी ते प्रेमानेच केलं होतं, म्हणून जास्त वाईट वाटतं.

ऊन कलल्यावर कार्यक्रम सुरू झाला. समीक्षा मला घेऊन स्टेजवर आली आणि मैदान गरजलं. नबीलाने ट्रॅक लावला. भोंग्यांतून समीचा जुना, ठणठणीत आवाज सुटला, आणि इकडे माझ्या जाळीवर तिचा नुसता श्वास आदळत राहिला. ओठ बरोबर हलत होते, हात बरोबर उठत होते, पण सूर नव्हता. तिच्या तळव्याला असा घाम सुटला होता, की मी दोनदा निसटता निसटता वाचलो. पहिलं गाणं झालं. दुसरं झालं. तिसरं कशेडीचं. वरच्या सुराला तिने मान मागे टाकली, डोळे मिटले, लोकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला. पहिल्या रांगेत महिपत बसला होता. तो टाळ्या वाजवत नव्हता. शाहीर माणूस तो, त्याला सूर कळतो तसा श्वासही कळतो. तो लेकीच्या गळ्याकडे टक लावून बघत होता.

तिसरं गाणं संपलं. आता हार घालायचा आणि सुटायचं, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात स्टेजच्या पायऱ्यांवर ढोलकी वाजली. पांढरं धोतर, लाल फेटा, हातात नझीरभाईंचा चालू माईक घेऊन कुशाबा वर आले. मागे घुंगरू बांधलेले चौघे. लोक आनंदाने उभेच राहिले. प्रवीण विंगेतून नबीलाला खुणा करू लागला, 'हे काय? हे काय?' नबीला पांढरीफटक पडली होती.

"काय गो पोरी," कुशाबा म्हणाले, "सवाल ध्यानात हाय ना? पळून तर नाय गेलीस. मग घे!"

आणि ते गायले. वय झालेलं, पण आवाज अजून खणखणीत:

सावित्री आली घाट उतरुनी,
संगं घेतल्या बहिणी दोनी,
दर्यात शिरता खारट झाली,
गोडं पाणी तिचं राखलं कोणी?

ढोलकीचा पहिला फेरा सुरू झाला.

मित्रांनो, जबाब तिला तिथल्या तिथे सुचला. तिचे ओठ हलले आणि चारही ओळी श्वासाश्वासाने माझ्या जाळीवर उमटल्या. सगळ्या मैदानात तो जबाब ठाऊक असलेला मी एकटाच होतो. त्या ओळी मी आत्ता सांगणार नाही, त्या तिच्या आहेत. पण त्या क्षणी मी देवाकडे एकच मागत होतो, तिला गाण्याचा मोह न होवो. कारण तिचा गळा फुलला होता. शाहिराच्या पोटची पोर, जबाब ओठांवर, समोर बाप. कशी गप्प बसणार ती?

दुसरा फेरा. प्रवीण धावत आला आणि तिच्या डाव्या हातात दुसरा, चालू माईक कोंबला. तो तिच्या कानाशी फुसफुसला, "चारच ओळी आहेत! गाऊन टाक. नाहीतर आपण संपलो." आता तिच्या एका हातात मी होतो, मुका. दुसऱ्या हातात तो, जिवंत. तिने डावा हात उचलला. नबीला मिक्सर सोडून उभी राहिली आणि जोरजोरात मान हलवू लागली. महिपतही उठला होता. पण तो काय करणार? जबाब ज्याचा त्यानेच द्यायचा.

तिसरा फेरा सुरू झाला. समीक्षाने श्वास भरून घेतला. मला तिच्या बोटांतलं नाडीचं ठोकणं कळत होतं. मग डावा हात हळूहळू खाली आला आणि तिने मला तोंडाशी धरलं.

"आबा," ती म्हणाली, "सवाल गहाण घ्या. माझा गळा गेलाय. मघाची गाणी टेपवरची होती."

मी मुका असल्याने ते कुशाबांखेरीज कुणालाच ऐकू गेलं नाही. त्यांनी हात वर केला. ढोलकी थांबली. त्यांच्या हातातला माईक चालू होता, आणि इतक्या वर्षांनी ही पोर त्यांच्या तावडीत सापडली होती. मला वाटलं, आता हे सगळ्यांना सांगणार. पण त्यांनी माईक पाठीमागे धरला आणि हळूच विचारलं, "जबाब येतोय काय?"

तिने मान हलवली. येतोय.

"मग जीव नको देऊस."

कुशाबा लोकांकडे वळले. "मंडळी, पोरीने सवाल गहाण टाकलाय. जबाब शिमग्याला, माझ्या अंगणात." असं म्हणून त्यांनी मला तिच्या हातातून घेतलं. अशा रीतीने मी गहाण पडलो.

पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. लोकांत कुजबुज झाली आणि मग आरडाओरडा. "आत्ता तर तीन गाणी बोलली! चार ओळीला काय झालं?" "मोठी झाली ती! आमचा सवाल घ्यायला कमीपणा वाटतो!" कुणी कुशाबांवरही घसरलं, "आबा, मुंबईच्या पैशाला भुललास काय रे?" म्हातारा काही बोलेना. खरं त्याला ठाऊक होतं, आणि ते तो स्वतःच्या नावावर सोसत होता. समीक्षाच्याने ते बघवलं नाही. तिने डाव्या हातातला चालू माईक उचलला. आवाज घोगरा, बसका, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"आबांना बोलू नका. आज मी गायले नाय. तुम्ही ऐकलंत ती टेप होती. माझा गळा आजारी हाय. मी तुम्हाला फसवलं, माफ करा."

एवढं मोठं मैदान, पण खुर्ची सरकल्याचा आवाज ऐकू आला. मग कुणीतरी शिट्टी मारली, कुणी पाण्याची रिकामी बाटली भिरकावली. कित्येक जण उठून चालू लागले. ज्यांनी तासाभरापूर्वी 'समी, समी' करून घसे कोरडे केले होते, त्यांनीच ते सगळं मोबाइलवर घेतलं आणि ती घरी पोहोचायच्या आत जगभर पाठवलं. महिपत मात्र स्टेजवर चढला. त्याने आपल्या खांद्यावरची, कमिटीने तिचा बाप म्हणून दिलेली शाल लेकीच्या गळ्याभोवती गुंडाळली आणि तिला हाताला धरून उतरवून नेलं.

त्यानंतरचे दिवस मी कुशाबांच्या ओटीवर खुंटीला लटकून काढले. त्यांच्या बायकोने, ठकूबाईने, मला पहिल्याच दिवशी हळदकुंकू लावलं. गहाण पडलेली वस्तू पाहुणी असते म्हणे. जाळीत अडकलेलं कुंकू अजून पुरतं निघालेलं नाही. बातम्या तिथे यायच्या त्या नबीलाकडून. मुंबईचे कार्यक्रम रद्द झाले. प्रवीणने दुसरी गायिका धरली. समीक्षा घरी बसून आहे, डॉक्टरांच्या सांगण्यावरून दिवसाला चार शब्दांपलीकडे बोलत नाही. आवाज कधी येणार? डॉक्टर 'बघू' म्हणतात.

एकदा खालच्या वाडीचे लोक कुशाबांना म्हणाले, "आबा, हरलेली पोर सोडून दिलीस. आता ती कसली येते?"

"येईल," कुशाबा म्हणाले. पण लोक गेल्यावर त्यांनी माझ्यावरची धूळ पुसली. मग ठकूबाईला म्हणाले, "मीच नसता सवाल केला तर बरं झालं असतं गो."

ठकूबाई फटकळ. "सवाल नसता केलात तर ती पोर तशीच गळा फाडीत फिरली असती. गप जेवा."

शिमगा आला. पालखी अंगणात नाचून गेली, आणि दोन्ही वाड्यांची माणसं उगाचच रेंगाळली. कुणी बोलत नव्हतं, पण सगळे वरच्या पायवाटेकडे बघत होते. कुशाबांनी फेटा दोनदा सोडून दोनदा बांधला. ऊन अंगणाच्या कडेला सरकलं तेव्हा ती तिघं येताना दिसली. पुढे महिपत, मागे नबीला आणि समीक्षा. नबीलाने सोबत ना भोंगा आणला होता, ना मिक्सर.

कुशाबा ढोलकीला हात घालणार, तेवढ्यात ठकूबाई आडवी आली. "थांबा जरा. डोंगर चढून आलेय पोर." तिने समीक्षाला ओटीवर बसवलं आणि तांब्याभर पाणी दिलं. समीक्षा ते सावकाश घोट घोट प्यायली. मला एकदम आठवलं, त्या दिवशी स्टेजवर तिला टाळ्या मिळाल्या, सवाल मिळाला, पण पाणी कुणी विचारलं नव्हतं.

कुशाबांनी पुन्हा तोच सवाल गायला. पहिला फेरा गेला. समीक्षा गप्प. दुसरा फेरा गेला. महिपतने डोळे मिटून घेतले. खुंटीवर टांगलेल्या माझ्या मेलेल्या पडद्यालाही वाटलं, आता फाटतो की काय. तिसरा फेरा सुरू झाला आणि तिने तोंड उघडलं.

दर्यात गेलं ते दर्याचं झालं,
त्याची कशाला करू मोजणी?
वाटेवर ज्यांनी घागर भरली,
गोडं पाणी तिचं राखलं त्यांनी.

तो पूर्वीचा आवाज नव्हता. खालच्या पट्टीत, एका कडेला खडबडीत, शेवटच्या ओळीला किंचित कापणारा. पण तो होता. कुणी टाळी वाजवली नाही. कुशाबांनी डोक्यावरचा फेटा काढला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. "जबाब पटला," ते म्हणाले.

मग त्यांनी मला खुंटीवरून काढून तिच्या हातात दिलं. मी सुटलो. तेवढ्यात अंगणातली पोरं तिच्याभोवती गोळा झाली. पोरांना काय, त्यांना एकच ठाऊक! "ताई, कशेडीचं म्हण ना! तो वरचा सूर लाव ना!" मोठी माणसं त्यांना दटावू लागली. समीक्षाने हसून मान हलवली.

"तो गेला रे," ती म्हणाली. "आता नाय यायचा परत."

पोरं क्षणभर गोंधळली. मग घोळक्यातली एक चिमुरडी म्हणाली, "मला येतो." आणि तिने तो लावला. पाठोपाठ दुसऱ्याने लावला, मग सगळ्यांनीच. कुणाचा फाटका, कुणाचा बेसूर, कुणाचा अर्ध्या वाटेत घसरलेला. अंगणभर नुसता कल्लोळ! समीक्षा पायरीवर बसली, मला मांडीवर ठेवलं, आणि खालच्या आवाजात त्यांच्या मागून ती 'वाडीवर, वाडीवर' धरत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

मित्रांनो, माझा पडदा पुराने नेला. पूर कुणाच्या हातात नसतो. तिच्या गळ्यातला वरचा सूर मात्र आपण सगळ्यांनी मिळून ओरबाडून नेला, टाळ्या वाजवत वाजवत, प्रेमाने. माणसाच्या गळ्यातले पडदे बाजारात मिळत नाहीत. ते बदलून देणारा नझीरभाई अजून जन्माला यायचा आहे. म्हणून तुमच्या मित्राचा आवाज बसला तर त्याला गप्प बसू द्या. आणि उद्या एखादा गाणारा माणूस तुमच्या दारी आला, तर 'एक गाणं होऊन जाऊ दे' म्हणायच्या आधी त्याला पाणी विचारा.